धागा: कुंडीतलं हे एवढुसं फळ संत्र्याचं पिल्लू की लिंबाचं? मराठीत नाव सांगा

कुंडीतली_बाग (ठाणे, घोडबंदर रोड)
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर इथल्याच एका नर्सरीतून झाड आणलं, दादांनी 'चायनीज ऑरेंज' म्हणून दिलं, मीही फार चौकशी न करता उचललं कारण पानं इतकी गर्द हिरवी होती. आता जानेवारीत गच्च लगडलंय, काल मोजली तर ४१ फळं. सुपारीपेक्षा जरा मोठी, वरून खालून चपटी, रंग अगदी संत्र्याचा, साल नखाने सहज सुटते. चव मात्र अशी आंबट की लेकीचे दोन्ही डोळे गच्च मिटले! तरी तिने सालीसकट खाल्लं आणि आता रोज शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी बाल्कनीत.

तिचाच प्रश्न इथे टाकतेय, "आई हे संत्र्याचं पिल्लू आहे की लिंबाचं?" सासूबाई नारिंग म्हणतात, शेजारच्या वहिनी छोटी मोसंबी, नेटवर कोणी कमक्वाट म्हणतं. फोटो खाली दिलाय. मराठीत ह्याला काय म्हणायचं?

आणि अजून एक, बुडातून एक लांबच लांब काटेरी फांदी सुटलीय, पानं बाकी झाडापेक्षा मोठी, एकही फूल नाही. ठेवू की छाटू?

सांजवेळ
किती गोड दिसतंय झाड! मलाही हवंय. नर्सरी कुठली ते विपूत (विचारपुशीत) सांगा.

सीवूड्सचा_खलाशी
ताई, फोटो बघताक्षणी ओळखलं. हे कलामांसी. अठरा वर्षं बोटीवर काढलीत, निम्मा क्रू फिलिपिनो, त्यामुळे हे फळ माझ्या ओळखीचं नाही तर घरातलंच आहे. ही मंडळी ते हिरवं असतानाच वापरतात. बाहेरून हिरवंगार आणि कापलं की आत केशरी, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं आत काहीतरी बिघडलंय. आमचा कूक वाटीत सोया सॉस घ्यायचा, त्यात दोन कलामांसी पिळायचा, एक लाल मिरची बोटांनी चुरडायचा आणि तळलेल्या माशाबरोबर द्यायचा. त्याला ते तोयोमान्सी म्हणतात. नूडल्स असल्या की ताटाच्या कडेला कलामांसी हवंच, नाहीतर जेवण अडतं.

कमक्वाट नाही हे कसं ओळखायचं ते सांगतो. कमक्वाटची साल जाड आणि गोड असते, गर आंबट, आणि साल गराला चिकटलेली असते, संत्र्यासारखी सुटत नाही. आत फोडी चार-पाचच. तुम्ही एक फळ आडवं कापा आणि फोडी मोजा.

शब्दवेडा
कमक्वाट हा शब्द कँटोनीज, गाम-ग्वात, म्हणजे सोनेरी संत्रं. जपानीत तेच किंकान. चीनमधून ते लंडनला नेलं रॉबर्ट फॉर्च्युनने १८४६ मध्ये, म्हणून पुढे १९१५ साली त्या झाडांच्या वंशाला फॉर्च्युनेला असं त्याचं नाव दिलं. आता बरेच शास्त्रज्ञ परत त्याला लिंबाच्याच वंशात, सिट्रसमध्ये धरतात.

आणि ताई, तुमच्या सासूबाई चुकल्या असं समजू नका. नारिंग हा शब्द अख्ख्या जगाने आपल्याकडून नेलाय. संस्कृत नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांहा, आणि फ्रेंच-इंग्रजीपर्यंत जाताना सुरुवातीचा न गळून ऑरेंज. हा शब्द हातात घेतला की मला खरंच भरून येतं. नर्सरीतून तुम्ही 'ऑरेंज' घेऊन आलात आणि घरात सासूबाईंनी त्याला मूळ नावाने हाक मारली.

कुवेत_रिटर्न
शब्दवेडा, क्या बात! पण अरबीतली गंमत बघा, नारंज हे नाव कडू संत्र्याला राहिलं आणि गोड संत्र्याला ते म्हणतात बुर्तुकाल, म्हणजे सरळसरळ पोर्तुगाल. तुर्कीत पोर्ताकाल, ग्रीकमध्ये पोर्तोकाली. गोड संत्री त्यांच्याकडे पोर्तुगीजांमुळे पोचली म्हणून. आणि आपण मोसंबी म्हणतो ते मोझांबिकवरून. ज्याच्या हातून फळ मिळालं त्याचं नाव फळाला! डच लोक संत्र्याला सिनासाप्पल म्हणतात, चीनचं सफरचंद. म्हणजे नर्सरीवाले दादा 'चायनीज' म्हणाले ते जुन्या रीतीला धरूनच आहे.

ऐरोलीकर_वरुडचा
त्या काटेरी फांदीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी मूळ वरुडचा, घरची संत्र्याची बाग, आता ऐरोलीत नोकरी. ताई, खोड नीट बघा, मातीपासून वीतभर उंचीवर कुठेतरी गाठ किंवा वाकडेपणा दिसतो का? तिथे डोळा बांधलेला असतो. गाठीच्या खालून फांदी आली असेल तर ती तुमच्या झाडाची नाहीच, खुंटाची आहे, म्हणजे ज्या दुसऱ्या झाडावर तुमचं कलम बांधलंय त्याची. आमच्याकडे नागपुरी संत्र्याला जंबेरी (खरबरीत लिंबू) नाहीतर रंगपूर लाइमचा खुंट वापरतात. खुंट दणकट असतो, त्याला वाढू दिलं की तो वरचं सगळं खाऊन टाकतो. मग तीन-चार वर्षांनी लोक म्हणतात संत्र्याचं झाड लावलं आणि खरबरीत लिंबं लागायला लागली. झाड बदललेलं नसतं, वरचं मेलेलं असतं आणि खालचं जगलेलं असतं.

फांदी मुळाशी सपासप काढा, थोटूक ठेवू नका, तिथून परत चार फुटतात. गाठीच्या वरून आली असेल तर मात्र तो पाणसोट, तोही काढलेला बरा कारण फळ देत नाही आणि रस ओढतो. पण त्याची घाई नाही.

निमा_खारघर
माझ्या शेजारी कोलकात्याच्या बौदी (वहिनी) राहतात, त्यांना हा धागा वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या आमच्याकडे हा प्रश्न पडलाच नसता, सगळंच लेबू! आपलं कागदी लिंबू ते पाती लेबू, संत्रं कमला लेबू, मोसंबी मुसंबी लेबू, आणि पपनस बाताबी लेबू, ते बटेव्हियावरून, म्हणजे आजचं जकार्ता. आणि त्यांचं लाडकं गंधराज लेबू. गेल्या उन्हाळ्यात माहेराहून चार आणली होती, एक मला दिलं. लांबट, सालीला सुरकुत्या, रस बेताचाच. पण वरणभातावर नुसती साल किसून घातली आणि माझा मुलगा आतल्या खोलीतून विचारत आला की आज काय केलंयस. रस नव्हताच घातला, नुसता वास.

मालवणी_मिरची
पपनसाचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे सावंतवाडीला त्याला तोरिंजन म्हणतात, गणपतीच्या माटोळीला, म्हणजे मूर्तीवर फळं-पानं टांगतात त्या चौकटीला, हवंच, त्याच्याशिवाय माटोळी उघडीबोडकी दिसते. इथे वाशीला आल्यावर पहिल्या चतुर्थीला मी मार्केटभर तोरिंजन विचारत फिरले, कोणालाच कळेना, शेवटी एका गाड्यावर दिसलं तेव्हा हातच लावून दाखवलं. तो म्हणाला अहो हे पपनस. तेव्हापासून दोन्ही नावं घेते.

शब्दवेडा
मिरचीताई, तोरिंजन म्हणजे सोनं दिलंत. फारसीत तुरुंज म्हणजे महाळुंग (ते जाड सालीचं मोठं लिंबू), पोर्तुगीजात तोरांजा म्हणजे ग्रेपफ्रूट, तुमच्याकडे तोरिंजन म्हणजे पपनस. शब्द एकाच घरातला, फळ मात्र प्रत्येक बंदरावर वेगळं. आणि महाळुंग म्हणजे संस्कृत मातुलुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच.

हायवे_३६५
संत्रा शब्द पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आलाय ना? कुठेतरी वाचलंय.

शब्दवेडा
हे खूप ठिकाणी छापलेलं असतं पण मला पटत नाही. बाबराने आपल्या आठवणींमध्ये हिंदुस्थानातली फळं लिहिलीत, त्यात नारंज, लिमू, तुरुंज, गलगल, जंबीरी यांच्याबरोबर संगतराही आहे. बाबर वारला १५३० मध्ये. पोर्तुगीज गोव्यात आले १५१० ला. वीस वर्षांत सिंत्र्याचं नाव किनाऱ्यावरून उत्तरेत पोचून तिथल्या फळाला चिकटून बाबराच्या कानावर इतकं सहज पडावं हे अवघड आहे. मोसंबीचं मोझांबिक मात्र बरोबर.

हायवे_३६५
ओके. पटलं. मग किनोचं काय? तो तर पंजाबी शब्द वाटतो.

ऐरोलीकर_वरुडचा
किनो अमेरिकन आहे! कॅलिफोर्नियात किंग आणि विलो लीफ ह्या दोन मँडरिनचा, म्हणजे आमच्या नागपुरीच्या जातकुळीतल्या संत्र्यांचा, संकर केला, किंगमधला किन आणि विलोमधला ओ घेऊन किनो. १९३५ साली बाहेर आणलं. आता हिवाळ्यात वाशीच्या मार्केटला चकचकीत नारिंगी पेट्या दिसतात त्यातल्या पुष्कळ किनोच्याच. दिसायला आमच्या नागपुरीपेक्षा देखणं, पण सोलून बघा. नागपुरीची साल सैल, एका मिनिटात मोकळं, किनोला नखं लावावी लागतात आणि बिया मोजता मोजता थकाल. मी नागपुरीचाच, हे लपवत नाही.

आजी_७२ (नौपाडा)
तुमचं सगळं वाचते आहे मुलांनो, छान वाटतंय. एक सांगते. आमच्या लहानपणी सातारकडे लिंब म्हणजे कडुलिंब. लिंबाखाली बस, लिंबाचा पाला आण, लिंबोळ्या वेच. आंबट ते लिंबू आणि त्याचं झाड लिंबोणी. इथे शहरात पोरांना लिंब म्हटलं की सरबतच आठवतं. आमच्या खालच्या मजल्यावर एका मुलीला कोणीतरी कुंडीवर लिंबाचा अर्क मारायला सांगितला, म्हणजे लिंबोळीचा. तिने बिचारीने सहा लिंबं पिळून जास्वंदीवर शिंपडली. मावा तसाच आणि पानं करपली. तेव्हा सांगताना नीट कडुलिंब म्हणावं.

निमा_खारघर
आजी!! मला आत्ता कळलं की गुढीपाडव्याला आई 'लिंब आण' का म्हणते.

पेशीपुराण
लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध आहे, पिल्लू कोणाचं. लिंबूवर्गीय फळांच्या जनुकांवर २०१८ मध्ये नेचर ह्या विज्ञान-नियतकालिकात मोठा अभ्यास आला. त्यानुसार ह्या कुळाची सुरुवात हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, म्यानमार, युनान ह्या पट्ट्यात. आपण बाजारात बघतो त्यातल्या बहुतेकांचे मूळ पूर्वज तीन, महाळुंग, पपनस आणि मँडरिन. बाकी त्यांच्या सोयरिकी. मोसंबी आणि गोड संत्रं हे पपनस-मँडरिनची संतती. परदेशातलं पिवळं मोठं लेमन म्हणजे कडू नारिंग आणि महाळुंग. आपलं कागदी लिंबू वेगळ्याच घरचं, फिलिपिन्सकडचं एक रानटी लिंबू आणि महाळुंग. म्हणजे लेमन आणि कागदी लिंबू सख्खे नाहीत, महाळुंगाकडून सावत्र भाऊ.

आता तुमचं कलामांसी, ते मँडरिन आणि कमक्वाट. तेव्हा लेकीला सांगा, संत्र्याचं पिल्लू. नेटवर कमक्वाट म्हणणारेही निम्मे बरोबर होते.

सीवूड्सचा_खलाशी
लिंबाचे हे दोन भाऊ सारखे नाहीत ह्याची किंमत खलाशांनी मोजलीय हो. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही (क जीवनसत्त्व कमी पडून होणारा रोग) झालेल्या बारा जणांवर वेगवेगळे उपाय करून बघितले. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू, म्हणजे लेमन, मिळालं ते सहा दिवसांत उठून बसले. पुढे ब्रिटिश नौदलाने लेमनचा रस सगळ्यांना सुरू केला आणि स्कर्व्ही गेला. मग एकोणिसाव्या शतकात लेमन सोडून वेस्ट इंडिजमधल्या लाइमचा, म्हणजे आपल्या कागदीच्या भावंडाचा रस द्यायला लागले, दोन्हीला नावं अदलून बदलून वापरायचे, आंबट म्हणजे झालं असं वाटलं. त्यात क जीवनसत्त्व बरंच कमी, वर साठवून तांब्याच्या नळ्यांमधून गेलेला रस. १८७५ च्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत माणसं परत स्कर्व्हीने आडवी झाली. म्हणून मी म्हणतो नावं नीट हवीत. हा धागा मला त्यासाठीच आवडलाय.

कुंडीतली_बाग
बापरे, दोन दिवस इकडे आले नाही तर किती लिहिलंत सगळ्यांनी! एकेक करून सांगते.

फळ आडवं कापलं. फोडी आठ. लेकीने स्वतः टाचणीने मोजल्या, दोनदा. साल पातळ, किंचित गोड, गर कडक आंबट. म्हणजे खलाशीदादा म्हणतात तेच, कलामांसी.

फांदी गाठीच्या चार बोटं खालून आली होती. काल संध्याकाळी काढली. ऐरोलीकर, मनापासून आभार, मी तिला सगळ्यात जोमदार म्हणून मुद्दाम खत घालत होते.

नावाचं मात्र अजून ठरलं नाही. कलामांसी म्हटलं की सासूबाई म्हणतात हे काय मांसी.

सीवूड्सचा_खलाशी
मलेशिया-सिंगापूरकडे ह्याच फळाला लिमाऊ कस्तुरी म्हणतात. कस्तुरी म्हणजे आपलीच कस्तुरी.

मालवणी_मिरची
कस्तुरी लिंबू! ठरलं. ह्याच्यापुढे काही नको.

ऐरोलीकर_वरुडचा
मला पटत नाही. पेशीपुराण म्हणाले ते संत्र्याचं पिल्लू आहे, मग लिंबू का म्हणायचं? आणि वास कस्तुरीचा कुठे येतो? साल सोलताना संत्र्याचाच येतो. सुपारी संत्रं म्हणा.

आजी_७२ (नौपाडा)
ऐरोलीकर, आपल्याकडे फळाला नाव कामावरून पडतं. जे पिळतात ते लिंबू, जे सोलून खातात ते संत्रं. हे पिळतात ना? मग लिंबू.

ऐरोलीकर_वरुडचा
आजी, ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कस्तुरी लिंबू.

शब्दवेडा
आजींचा नियम मी वहीत लिहून ठेवला. आणि नावात वासच असायला हवा असं नाही. मेघालयात गारो टेकड्यांत रानटी संत्रं आहे, त्याला गारो भाषेत मेमांग नारंग म्हणतात, मेमांग म्हणजे मृतात्मा. तिथे ते अंत्यविधीत वापरतात. नोकरेकच्या जंगलात त्यासाठी राखीव क्षेत्रच केलंय. तिथेही नारंग आहे बघा.

निमा_खारघर
कुंडीतली_बाग, एक सावध करते. माझ्या लिंबाच्या कुंडीवर पावसाळ्यात पानांवर चिमणीची शिट पडल्यासारखं काळं-पांढरं दिसायचं. पुसायला गेले तर ते हललं! लिंबाच्या फुलपाखराची अळी. आठवड्यात ती हिरवी झाली, बोटाएवढी, आणि काडीने जरा डिवचलं तर डोक्यातून केशरी शिंगाची जोडी बाहेर काढली, त्याला काय उग्र वास, सडक्या फळासारखा. पाचच अळ्यांनी अख्खी फांदी बोडकी केली. सोसायटीत सगळे म्हणाले फवारा मार. मी तीन कढीपत्त्यावर नेऊन सोडल्या, तोही तिला चालतो, आणि दोन तिथेच ठेवल्या. एकीने कुंडीच्या काठावर कोश केला. एके दिवशी सकाळी सातला मुलगा शाळेत जाताना बाहेर आलं, पंख ओले, काळे-पिवळे, खाली लाल ठिपका. बस चुकली त्याची. झाडाला पुढच्या महिन्यात परत पालवी आली.

सांजवेळ
निमा, बस चुकली ते बरं झालं.

कुंडीतली_बाग
बरेच दिवसांनी वर काढतेय धागा.

आधी लोणचं. तीस फळं होती. आजींना फोन करून विचारलं (विपूतून नंबर मिळाला, आमच्यापासून एका रिक्षेच्या अंतरावर राहतात!). चार चिरा, बिया काढून मीठ भरलं, बरणीत तीन दिवस उन्हात, मग गूळ, लाल तिखट, थोडं जिरं. साल इतकी पातळ की दहा दिवसांत मुरलं, कागदी लिंबाला आमच्याकडे महिना लागतो. सासूबाईंनी बरणीवर स्वतः चिठ्ठी लावली, 'नारिंग'. आणि लेकीने तिच्या खाली खडूने लिहिलं 'कस्तुरी लिंबू'. दोन्ही ठेवलंय.

दुसरं, काढलेल्या बियांमधल्या पाच ओल्या असतानाच दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावल्या होत्या. तीन आठवडे काहीच नाही, आता चार उगवल्यात. पण दोन डब्यांत मी एकेकच बी टाकली होती आणि एकात दोन कोंब आलेत, दुसऱ्यात तीन! लेक म्हणते तूच जास्त टाकल्यास. मी नव्हत्या टाकल्या. हे कसं?

पेशीपुराण
नाही टाकल्यात तुम्ही. लिंबूवर्गीय फळांत बऱ्याच जातींची हीच तर खुबी आहे, एका बीमध्ये एकापेक्षा जास्त गर्भ असतात. त्यातला एखादा परागीभवनातून आलेला, आणि बाकीचे आईच्याच पेशींपासून तयार झालेले, म्हणजे हुबेहूब आईच. सगळ्यात नाजूक, मागे राहणारा कोंब बहुतेकदा संकराचा निघतो, जोमदार असतात ते आईसारखे. तीनही वाढवा, चार पानं आली की मुळं न तोडता वेगळे करा.

ऐरोलीकर_वरुडचा
आमच्या नर्सऱ्यांमध्ये जंबेरीचे खुंट ह्याच्यावरच चालतात. वाफ्यातली बुटकी आणि फार उंच रोपं उपटून टाकतात, एकसारखी ठेवतात, म्हणजे सगळी आईसारखी मिळतात. तुम्ही मात्र ते मागे राहिलेलं टाकू नका. घरच्या कुंडीत काय निघतं ते बघायला मिळायला हवं. फळ यायला पाच-सहा वर्षं धरा.

कुंडीतली_बाग
लेकीने विचारलं पाच-सहा वर्षांनी मी कितवीत असेन. बोटांवर मोजलं आणि म्हणाली, बारावीत. मग डब्यांवर नावं घातली, आई १, आई २, आणि त्या बारक्याला 'माहीत नाही'.

आई २ देऊन टाकायचंय. सांजवेळ, तुम्ही पहिल्या दिवशी मागितलं होतंत. रविवारी सकाळी जांभळी नाक्याला भाजीला येतेय, तिथे देऊ का?

सांजवेळ
येते! किती वाजता? आणि ताई, डबा परत आणून देईन, माती भरून.